एका ट्रॉलीचं अंतर

वागळे इस्टेटच्या चाळीत राहत होते तोवर दुकानात कसं वागायचं हे सुमितला कधी शिकवावं लागलं नाही. नाक्यावरच्या शेठच्या दुकानापुढे तो नुसता जाऊन उभा राहायचा. शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तोलता तोलता विचारायचा, "हां सुमित, आईने काय सांगितलंय?" सुमित सावकाश सांगायचा, एकच वस्तू पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि सामान पिशवीत पडायचं. त्याला बोलायला वेळ लागतो, कुणी अंगाला हात लावलेला त्याला सोसत नाही, गलका झाला की तो कान झाकून खाली बसतो, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला ऑटिझम हा शब्द चाळीत कुणाला नीट म्हणता यायचा नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. तो रस्ता चुकून दुसऱ्या गल्लीत गेला तर कुणीतरी पुढे चालत त्याला दाराशी आणून सोडायचं.

मग त्यांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. सुमितचा बाप महेंद्र वागळेतल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. रोजचा लांबचा प्रवास त्याने मागेपुढे न बघता पत्करला, कारण बायकोला, शालनला, स्वतःच्या घराची हौस होती आणि सुमितला खिडकीत उभं राहून झाडं बघता येतील असं दोघांना वाटलेलं. झाडं होती, वाराही होता. पण समोरच्या दारात कोण राहतं हे वर्ष झालं तरी त्यांना धड कळलं नाही. आणि शेठचं दुकान नव्हतं. स्टेशनकडच्या रस्त्याला एक मोठं मार्ट होतं, काचेच्या दारांचं. तिथे काय हवंय म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. आपलं आपण घ्यायचं, लाईन लावायची, बिल करायचं आणि निघायचं.

सुमित तेव्हा चांगला बाप्या झालेला, महेंद्रपेक्षा उंच. शालनच्या मनात एकच काळजी घर करून होती. आपण दोघं आहोत तोवर ठीक आहे, आपल्यामागे हा काय खाणार? स्वयंपाक तो थोडाफार शिकला होता, कुकर लावायचा. पण कुकरमध्ये घालायचे तांदूळ आणायचे तर मार्टात जायला हवं. म्हणून तिने त्याला मार्ट शिकवायचं ठरवलं.

ती त्याला भर दुपारी न्यायची, जेव्हा आत चिटपाखरू नसायचं. आधी नुसतं फिरवून आणायची. मग एक वस्तू. मग ट्रॉली. ट्रॉली मध्ये उभी करायची नाही, कडेला लावायची. कुणी रॅकपुढे उभं असेल तर त्याचं होईस्तोवर थांबायचं. वाट हवी असेल तर ढकलायचं नाही, "जरा जाऊ देता का" म्हणायचं. दुसऱ्याच्या ट्रॉलीत हात घालायचा नाही, कितीही आवडीचं बिस्किट दिसलं तरी. आणि लाईनमध्ये उभं राहिलं की पुढच्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये एक अख्खी ट्रॉली मावेल एवढी जागा सोडायची. हे अंतर शालननेच काढलं होतं. तेवढी जागा असली की कुणाचा धक्का लागायची भीती नाही, आणि पुढच्या माणसालाही हा उंच मुलगा अगदी मानेवर उभा आहे असं वाटायला नको.

"आणि कुणी मध्ये आलं तर?" सुमितने एकदा विचारलं. तो क्वचितच काही विचारायचा.

"तर सांगायचं, लाईन मागून आहे."

"लाईन मागून आहे," तो म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत तेच म्हणत राहिला.

शिकायला त्याला बराच काळ लागला. पण सुमितचं असं होतं की एकदा डोक्यात बसलं की बसलं. विहारातसुद्धा वंदनेला लोक एका ओळीत बसले की तो निवांत असायचा, ओळ मोडली की बेचैन व्हायचा. मार्टातले नियम त्याला आवडले. काउंटरवरची दीप्ती नावाची मुलगी त्याला ओळखायला लागली. "आला का सुमितदादा," म्हणायची आणि त्याने वस्तू एकेक करून मांडेपर्यंत थांबायची. दुपारी येणाऱ्या दोन-चार बायकाही त्याला ओळखायच्या. त्यातली एक मावशी तर शालनला म्हणाली होती, "तुमच्या मुलासारखं सगळ्यांनी वागलं ना, तर या दुकानात भांडणंच व्हायची नाहीत."

तो पहिल्यांदा एकटा आत गेला तेव्हा शालन बाहेर रसाच्या गाडीशी पदर चावत उभी होती. तो पिशवी घेऊन बाहेर आला, पिशवी तिच्या हातात दिली आणि घराकडे चालू लागला, जसं काही झालंच नव्हतं. संध्याकाळी महेंद्रला तिने सांगितलं. तो हातपाय धुऊन आला, सुमितच्या शेजारी पण त्याला लागणार नाही असा बसला, आणि म्हणाला, "उद्या माझं दाढीचं क्रीम आणशील का रे?" शालन स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला, कारण तिला रडू आवरत नव्हतं.

ही सगळी शिकवणी दुपारची होती. आणि दिवाळीच्या तोंडावर शालनला संध्याकाळी जावं लागलं.

त्या दिवशी सकाळपासून बिल्डिंगला पाणी नव्हतं, टँकर येईस्तोवर दुपार गेली. घरात चहा पावडर नव्हती, तेल संपलं होतं. तिने सुमितला बरोबर घेतलं. आत पाय ठेवला तेव्हाच तिला वाटलं परत फिरावं. सगळीकडे ऑफरचे कागद लटकलेले, मोठ्याने गाणी लावलेली, ट्रॉल्या एकमेकींना अडकलेल्या. लोक रॅकमधून खेचून घेत होते आणि नको ते कुठेही टाकत होते. सुमितने कुणीतरी बिस्किटांमध्ये टाकलेली साबणाची वडी उचलली आणि साबणांत नेऊन ठेवली.

"चल, आपण पटकन करू," ती म्हणाली.

लाईन पार धान्याच्या पोत्यांपर्यंत आली होती. ते उभे राहिले. बरंच पुढे सरकल्यावर शालनच्या लक्षात आलं की तेल राहिलं. तिने एकदा लाईनकडे बघितलं, एकदा सुमितकडे. तो शांत होता. हँडल धरून, पुढे जागा सोडून, नीट उभा होता.

"मी तेल घेऊन आले. इथेच थांब. लाईन सोडू नको."

"लाईन सोडू नको," तो म्हणाला.

तेलाच्या रॅकपुढे गर्दी होती. तिने तेलाची पिशवी हातात घेतली तोच काउंटरकडून बाईचा आवाज आला, मग पुरुषाचा, मग काहीतरी पडल्याचा. गाणं चालूच होतं. शालन पळाली, पण पळायला जागा नव्हती. ट्रॉल्यांमधून वाट काढायला गेली तर एक माणूस म्हणाला, "ओ काकू, मध्ये घुसू नका, आम्ही पण लाईनमध्ये आहोत."

"माझा मुलगा आहे तिकडे. जाऊ द्या."

"सगळ्यांची घाई आहे काकू."

ती पोचली तेव्हा सुमित काउंटरजवळ फरशीवर उकिडवा बसला होता, दोन्ही हात कानांवर, मान गुडघ्यांत. ओठातून रक्त येत होतं. चांगल्या कपड्यातला एक माणूस त्याच्या अंगावर वाकून ओरडत होता, सिक्युरिटीवाल्याने सुमितची कॉलर धरली होती, आणि आजूबाजूच्या लोकांनी एवढ्या गर्दीत गोल जागा करून दिली होती. दोघा-तिघांचे मोबाईल वर होते. दीप्ती काउंटरच्या मागून सांगत होती, "अहो सोडा त्याला, तो रोज येतो, तो तसा नाहीये." तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"हात काढा त्याच्या अंगावरून," शालन म्हणाली. "त्याला हात लावलेला चालत नाही."

"आणि त्याने बाईला हात लावलेला चालतो?" तो माणूस म्हणाला. त्याची बायको मागे उभी होती, घाबरलेली, बास्केट छातीशी धरून. "असल्यांना घरात ठेवायचं ना. बाहेर कशाला आणता?"

मॅनेजर आला. दिवाळीची गर्दी तुंबली होती, त्याला ती हलवायची होती. तो शालनच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही माफी मागा आणि विषय संपवा. ते पोलिसांत जाऊ म्हणतायत. मुलालाच त्रास होईल."

पोलीस हा शब्द ऐकला आणि शालनला पुढचं सगळं दिसलं. पोलीस चौकी, तिथला आवाज, तिथले हात. काय झालं, कुणाचं चुकलं, तिने काही विचारलं नाही. तिने त्या माणसापुढे हात जोडले. "चुकलं भाऊ त्याचं. त्याला समजत नाही. पुन्हा नाही होणार."

सुमितने मान वर केली होती. तो आईच्या जोडलेल्या हातांकडे बघत होता.

घरी आल्यावर तिने त्याचं तोंड पुसलं. तो पुसू देत नव्हता, म्हणून ओला रुमाल त्याच्या हातात दिला. मग त्याच्यासमोर खाली बसली.

"सुमित, ऐक. कुणी मध्ये आलं तर येऊ द्यायचं. काही बोलायचं नाही. आपण बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, तुम्ही पुढे जा. काय म्हणायचं?"

तो रुमालाची घडी घालत राहिला.

"काय म्हणायचं, सुमित?"

"तुम्ही पुढे जा."

"पुन्हा म्हण."

महेंद्र दारात उभा होता. त्याला आधीच कळलेलं. बिल्डिंगच्या ग्रुपवर क्लिप आली होती, खाली कुणीतरी लिहिलेलं की असे लोक मोकळे फिरतात, लेडीजनी काळजी घ्यावी. गाडीतून उतरताना त्याने ती पाहिली होती. त्याने डबा टेबलावर ठेवला.

"असं नको शिकवू गं त्याला," तो म्हणाला.

"मग काय शिकवू? मार खायला?"

"माझ्या आज्याला गावात वरच्या जातीचा माणूस समोर आला की बाजूला व्हावं लागायचं. आबांनी ते आम्हा भावंडांना शिकवलं नाही. मरेपर्यंत नाही शिकवलं. आणि आपण पोराला..."

"आबांना सुमितसारखं पोर नव्हतं," शालन म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघायचं दोघांनीही टाळलं. आत सुमित खिडकीशी उभा राहून म्हणत होता, तुम्ही पुढे जा, तुम्ही पुढे जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची एक तरुण बाई उभी होती. लिफ्टमध्ये कधी दिसायची, तेवढीच ओळख. तिने नाव सांगितलं, ऋजुता.

"काकू, काल मी मार्टात होते," ती म्हणाली. "तुमच्या मुलाच्या मागेच लाईनमध्ये होते. मला तुम्हाला सांगायचं होतं, त्याने काहीच केलं नाही."

शालनने तिला आत घेतलं. ऋजुता सोफ्याच्या कडेवर बसली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून सांगत गेली.

"तो खूप जागा सोडून उभा होता ना, त्या माणसाला वाटलं तिथे कुणी नाहीच. त्याची बायको बास्केट घेऊन तिथेच उभी राहिली. तुमचा मुलगा म्हणाला, लाईन मागून आहे. त्यांनी लक्ष नाही दिलं. तो परत म्हणाला. तसंच, अगदी तसंच. त्या माणसाला वाटलं हा मुद्दाम करतोय. मग तुमच्या मुलाने तिची बास्केट धरली, लाईनच्या मागे नेऊन ठेवायला. ती सोडेना. तिच्या बोटांना बोटं लागली असतील तेवढीच. ती किंचाळली आणि त्या माणसाने मारलं. एकदा नाही मारलं, काकू."

शालन ऐकत होती. काल सबंध संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढे ते रक्त होतं. आता फक्त ती जागा होती, एका ट्रॉलीची, तिनेच काढून दिलेली. कुणाला त्रास नको म्हणून सोडलेली जागा, आणि लोकांना ती रिकामी दिसली.

"तो बरोबर होता," शालन म्हणाली.

"हो."

"मग तुम्ही बोललात का नाही?"

ऋजुताने ग्लास खाली ठेवला. "मला वाटलं कुणीतरी बोलेल. मग झालंच इतक्या पटकन. आणि खरं सांगू का, मला पण त्याची जरा भीती वाटायची. लिफ्टमध्ये वगैरे." तिचे डोळे भरले होते. "सॉरी काकू."

शालनला तिच्यावर ओरडायचं होतं. पण काल दहा जणांत तिने स्वतःच हात जोडले होते, मग ही तर परकी बाई. ती उठली. "बसा, चहा टाकते," म्हणाली, आणि आत गेल्यावर तिला आठवलं की चहा पावडर नाही. सामानाची ट्रॉली काल तिथेच राहिली होती.

त्या संध्याकाळी ती सुमितपुढे पुन्हा बसली. "काल आई चुकीचं बोलली. तू बरोबर होतास. लाईन मागूनच असते." तिने ते कितीतरी वेळा सांगितलं, त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस. महेंद्रनेही सांगितलं. सुमित ऐकायचा आणि खिडकीकडे तोंड करायचा. जे शिकायला त्याला इतका काळ लागला होता ते पुसलं गेलं, आणि त्या एका संध्याकाळी शिकवलेलं मात्र डोक्यात बसलं ते बसलंच.

दिवाळी तशीच गेली. तो घराबाहेर पडेना. बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचा. विहारात न्यायचा प्रयत्न केला तर जिन्यातच बसला. महेंद्रने तक्रार करू म्हटलं, पण तक्रार म्हणजे सुमितला समोर उभं करणं आलं, आणि तक्रारीचं नुसतं नाव काढताच तो कान झाकायचा. क्लिप ग्रुपवरून काढायला ऋजुताने लावली. तोवर ती कुठे कुठे गेली असेल कुणाला ठाऊक.

शालनने हळूहळू पुन्हा सुरुवात केली. आधी जिना, मग गेट, मग कोपऱ्यापर्यंत. होळी होऊन गेली, उन्हं तापायला लागली, तेव्हा कुठे तो मार्टाच्या पायरीपर्यंत आला. पायरीवर उभा राहायचा आणि परत फिरायचा. ती त्याच्या मागे चालत यायची. आणि एका दुपारी त्याने काचेचं दार स्वतःच ढकललं.

आत शुकशुकाट होता. त्याने ट्रॉली घेतली, कडेकडेने नेली. तांदूळ घेतले, मीठ घेतलं, न सांगता दाढीचं क्रीम घेतलं. शालन थोडी लांबून चालत होती. तिला महेंद्रला फोन करावासा वाटत होता, पण तिने स्वतःला आवरलं. दीप्तीने त्यांना बघितलं आणि ती जागेवरून अर्धी उठली, मग परत बसली, त्याने दचकू नये म्हणून.

काउंटरपुढे एकच गिऱ्हाईक होतं. सुमित त्याच्यामागे जागा सोडून उभा राहिला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ ब्रेडचं पाकीट घेऊन मागून आले. सुमितने ट्रॉली बाजूला घेतली.

"तुम्ही पुढे जा."

"थँक्यू बेटा," आजोबा म्हणाले, आणि शालनकडे वळून, "चांगलं वळण लावलंय हो. हल्ली कोण पुढे जाऊ देतं?"

मग कॉलेजची पोरं आली, हातात कोल्ड्रिंकच्या बाटल्या. सुमित बाजूला झाला. तुम्ही पुढे जा. मग एक बाई, तिची ट्रॉली काठोकाठ भरलेली. तुम्ही पुढे जा. तिने हसून मान डोलावली. प्रत्येक जण खूश होऊन पुढे जात होता, आणि सुमित होता तिथेच होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा नव्हता. तो नीट, नियमाने उभा होता.

"सुमित, आता आपण," शालन हळूच म्हणाली.

तो हलला नाही. दारातून अजून माणसं येताना तिला दिसली. ती चटकन त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, एक रिकामी ट्रॉली ओढून तिने ती आडवी लावली. आता त्याच्यामागे कुणाला यायला वाट नव्हती. थोड्या वेळाने एक बाई मागे येऊन थांबली.

"काकू, ट्रॉली जरा सरळ घ्या ना. सगळी जागा अडवलीय."

"थांबा जरा," शालन म्हणाली. "एवढा जाऊ दे."

भरलेल्या ट्रॉलीवाल्या बाईंचं बिल झालं. त्या गेल्या. काउंटर मोकळा झाला. पट्ट्यावर काही नव्हतं, समोर कुणी नव्हतं. दीप्ती हळू आवाजात म्हणाली, "ये दादा."

सुमितने काउंटरकडे पाहिलं. मग मागे पाहिलं, त्याच्यामागे कोण आहे ते. मग ट्रॉली ओढून बाजूला झाला, बिस्किटांच्या रॅकला पाठ टेकली आणि शालनला वाट करून दिली.

"तुम्ही पुढे जा."

"अरे, मी आई आहे ना. आपण बरोबर आहोत."

"तुम्ही पुढे जा," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता, तितक्याच अदबीने.

मागची बाई सुस्कारा टाकत होती. शालनने सुमितच्या ट्रॉलीतलं सामान उचललं आणि ती पुढे गेली. दीप्तीने एकेक वस्तू मशीनसमोर धरली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. पिशवी भरून शालन वळली तोवर मागची बाई आडवी ट्रॉली सारून पुढे आली होती, तिच्यामागून आणखी दोघं आले होते, आणि सुमित रॅकला पाठ लावून त्यांना जागा करून देत उभा होता.